परळच्या सोशल वर्करना भेटायला सांगितलंय, मुलांना ताईच्या आजाराबद्दल कसं सांगायचं?

डोंबिवलीची_मावशी

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मोठी बहीण ३६ वर्षांची आहे, सासर वाळवा तालुक्यात. मागच्या वर्षी ओव्हरीचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. ट्रीटमेंट परळला चालू आहे म्हणून ती माझ्याकडे डोंबिवलीत राहते. दाजी साखर कारखान्यात चिटबॉय आहेत, हंगाम सुरू झाला की त्यांना एक दिवस हलता येत नाही. मुलं गावाला आजीजवळ. मुलगी ९ वर्षांची, चौथीत, आणि मुलगा ४ वर्षांचा, अंगणवाडीत जातो.

गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी आम्हाला दोघींना बसवून नीट सांगितलं की किमोचा आता उपयोग होत नाहीये, यापुढे दुखणं आणि त्रास कमी राहील असे उपचार करायचे. फाईलवर पॅलिएटिव्ह ओपीडीचं लिहून दिलं आणि खाली "एमएसडब्ल्यू ना भेटणे, मुलं लहान" एवढंच. एमएसडब्ल्यू म्हणजे तिथल्या मेडिकल सोशल वर्कर. ते "मुलं लहान" वाचून ताई जी गप्प झाली ती कोपर येईपर्यंत बोलली नाही.

माझा प्रश्न असा की आत्तापर्यंत सोशल वर्कर म्हणजे पैशाचं बघणाऱ्या बाई असंच मला वाटत होतं. त्यांनीच आम्हाला ट्रस्टचे फॉर्म भरून दिले, रेल्वेच्या कन्सेशनचा कागद करून दिला, खूप चांगल्या आहेत. पण आता पैशाचं काही राहिलेलं नाही, मग मुलांसाठी त्या काय करणार? मुलांना तिथे न्यायचं का? त्या गर्दीत, त्या पेशंटांमधे ४ वर्षांचं पोर? गुरुवारची वेळ दिलीय.

मुलांना आम्ही एवढंच सांगितलंय की आईच्या पोटात गाठ आहे आणि ती मावशीकडे राहून इंजेक्शनं घेते. ताई व्हिडिओ कॉलला नेहमी स्कार्फ बांधून बसते. दसऱ्याच्या आसपास मुलगी म्हणाली, आई स्कार्फ काढून दाखव ना. ताईने फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. तेव्हापासून मुलगी फोनवरच येत नाही, अभ्यास आहे म्हणते. धाकटा रोज विचारतो, इंजेक्शनं संपली का.

दाजींच्या आई म्हणतात मुलांपुढे एक अक्षर काढायचं नाही. आणि परवा बिल्डिंगमधल्या एक बाई भेटायला आल्या, ताईसमोरच मला म्हणाल्या, काळजी करू नका हो, माय मरो पण मावशी जगो म्हणतात ना. त्यांना धीरच द्यायचा होता, मला कळतं. पण ताई भिंतीकडे तोंड करून झोपली आणि मला त्या शब्दाचीच भीती बसलीय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, प्लीज.

सुमनकाकू_नाशिक

बाळा, वाचून डोळे भरले. मी तुझ्या आईच्या वयाची असेन म्हणून सांगते, लेकरांना काही सांगू नका. जेवढे दिवस हसताखेळता जातील तेवढे जाऊ देत, पुढे आहेच आयुष्यभर. ४ वर्षांच्या मुलाला काय कळतंय. आमच्या घरी माझे दीर गेले तेव्हा आम्ही मुलांना तेराव्यापर्यंत आत्याकडे ठेवलं होतं. सप्तशृंगीला तुझ्या ताईसाठी ओटी भरते.

सातची_गाडी

काकू, तुमचा राग येऊन लिहीत नाहीये, तुम्ही मायेनेच सांगताय. पण मी त्या आत्याकडे ठेवलेल्या मुलांपैकी एक आहे म्हणून लिहिते.

मी सात वर्षांची होते. आई आजारी होती, मला कुणी काही सांगितलं नाही. एक दिवस मला शेजारच्या गावी मावशीकडे पाठवलं, परत आले तर आईची कॉट बाहेर पडवीत उभी करून ठेवलेली. विचारलं तर म्हणाले आई मुंबईला गेलीय औषधाला. आमच्या गावच्या स्टँडवर मुंबईची एसटी संध्याकाळी सातला यायची. मी रोज जायचे. कंडक्टरकाका ओळखायला लागले होते, ते काहीच बोलायचे नाहीत, कधी कधी गोळी द्यायचे. दोन महिन्यांनी वर्गातल्या एका मुलाने भांडणात सांगितलं, तुझी आई मेलीय, अख्ख्या गावाला माहितीय.

आई गेल्याचं दुःख मी कसंतरी पेललं असतं हो, सगळीच पेलतात. पण अख्ख्या गावाला माहीत होतं आणि मला नव्हतं, वडिलांना पण माहीत होतं आणि ते रोज मला स्टँडवर जाताना बघत होते, ते आज ३८ व्या वर्षीही जात नाही. वडील वाईट नव्हते, त्यांना शब्द सापडत नव्हते आणि मदत करायला कुणी नव्हतं. तुमच्या फाईलवर कुणीतरी "मुलं लहान" लिहिलंय. आमच्या वेळी ते कुणी लिहिलं नाही. जा तुम्ही गुरुवारी.

वॉर्डातली_ताई

मी मेडिकल सोशल वर्कर आहे, सतरा वर्षं झाली, त्यातली अकरा कॅन्सर पेशंटांबरोबर. तुमच्या हॉस्पिटलमधे नाही, पण काम तेच. थोडं सविस्तर लिहिते कारण हा प्रश्न लोक आम्हाला फार उशिरा विचारतात.

पैशाचं काम आमचं आहेच आणि त्यात कमीपणा काही नाही. ज्या बाईला उद्याच्या इंजेक्शनचे पैसे कुठून येणार माहीत नाही ती मुलांबद्दल काय बोलणार. पण डॉक्टर आजाराकडे बघतात आणि आजारी माणसाच्या घराकडे कुणीतरी बघावं म्हणून आमची पोस्ट असते. मुंबईत जे. जे. मधे १९४६ साली आपल्या देशातली पहिली मेडिकल सोशल वर्कर नेमली, त्याच्या दहा वर्षं आधी सोशल वर्क शिकवणारी टाटा इन्स्टिट्यूट सुरू झालेली, म्हणजे हे काम इथे नवीन नाही, फक्त लोकांना आम्ही फॉर्म भरणाऱ्या बाई म्हणूनच माहीत. आणि ज्या सिसिली सॉन्डर्सनी १९६७ मधे लंडनला सेंट ख्रिस्टोफर हॉस्पिस काढलं, ज्यांच्यापासून आजची ही पॅलिएटिव्ह केअर सुरू झाली असं मानतात, त्या आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलमधल्या सोशल वर्कर आणि मग डॉक्टर झाल्या. दुखणं नुसतं शरीराचं नसतं, घरचं पैशाचं मनाचं सगळं मिळून एकच दुखणं असतं, हे त्यांचं म्हणणं. तुमच्या ताईचं सगळ्यात मोठं दुखणं मुलंच असणार, तिला मॉर्फिन दिलं तरी ते थांबत नाही.

आता गुरुवारी काय होईल. पहिल्या भेटीत मुलं नसली तरी चालतं, खरं तर नसलेलीच बरी. सोशल वर्कर आधी ताईंशी बोलतील, मग तुमच्याशी, जमलं तर दाजींशी फोनवर. विचारतील की मुलांना आत्ता काय माहीत आहे, कोणते शब्द वापरलेत, घरात मुलं कुणाच्या जवळ आहेत, रात्री कुणाजवळ झोपतात, शाळेत कुणाला कल्पना आहे का. आणि ताईंना विचारतील तुम्हाला स्वतः सांगायचंय का. बहुतेक आयांना स्वतःच सांगायचं असतं, फक्त कुणीतरी शेजारी बसलेलं हवं असतं. आम्ही मुलांना सांगत नाही, आई-बाबांना सांगता यावं म्हणून मदत करतो, हा फरक लक्षात ठेवा. परक्या बाईच्या तोंडून कळलं तर मुलांना वाटतं घरच्यांनी आपल्यापासून लपवलं.

मुलांच्या डोक्यात साधारण तीन गोष्टी असतात, ती विचारोत न विचारोत. हे माझ्यामुळे झालं का, मला पण होईल का, आणि माझं कोण बघणार. या तिन्हीची उत्तरं त्यांना न विचारता द्यायची. आजाराचं नाव घ्यायचं, कॅन्सर म्हणायचं. नुसतं "गाठ" आणि "आजारी आहे" म्हटलं की उद्या आजीला सर्दी झाली, बाबांना टेंगूळ आलं तरी मुलं घाबरतात. देवाघरी गेली, झोपली, असले शब्द लहान मुलांना सांगू नका, चार-पाच वर्षांची मुलं ते शब्दशः घेतात. एक मुलगी रोज देव्हाऱ्यातला देव उचलून मागे बघायची आई दिसते का. एकाला झोपवायला गेलं की किंचाळायचा, कारण आजोबा झोपले ते उठलेच नव्हते. तुमचा ४ वर्षांचा आहे त्याला "कायमचं" म्हणजे काय ते अजून कळणार नाही, तो आज ऐकेल आणि उद्या परत विचारेल इंजेक्शनं संपली का, न चिडता पुन्हा तेच तेच सांगायचं. पण ९ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं, आणि मला वाटतं तिला आत्ताच बरंच कळलेलं आहे. फोनवर न येणं त्यातलंच असेल.

मावशीच्या म्हणीबद्दल एकच सांगते. मुलांना जे वचन देणार असाल ते झेपेल एवढंच द्या. भरात "मी आहे ना तुमची आई" म्हणून टाकतात आणि सहा महिन्यांनी नोकरी, स्वतःचं घर, ते जमत नाही, मग मुलांची दुसऱ्यांदा आई जाते.

डोंबिवलीची_मावशी

किती सविस्तर लिहिलंत, खूप आभार. सातची_गाडी, तुमचं ताईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

अजून विचारते, मुलीने तोंडावरच विचारलं "आई मरणार का" तर काय बोलायचं? आणि मुलांना स्कार्फशिवाय दाखवायचं का?

वॉर्डातली_ताई

आधी उलट विचारा, तुला काय वाटतंय, कुणी काही बोललं का. म्हणजे ती कुठपर्यंत पोचलीय ते कळतं, कधी कधी मुलांना फक्त एवढंच विचारायचं असतं की आई दिवाळीत आहे ना. मग खरं सांगा. हो, या आजाराने आई मरू शकते, डॉक्टरांचं औषध आता त्यावर चालत नाही, पण आज आई आहे आणि तिला दुखू नये म्हणून औषध चालू आहे, काही बदललं तर तुला आधी सांगू. शेवटचं वाक्य दिलं की पाळायचं. रडू आलं तर रडा, मुलांपासून लपून बाथरूममधे रडू नका, त्यांना आवाज येतोच.

स्कार्फ ताईंच्या मनावर. पण मुलांना भेटायच्या आधी सांगून ठेवा, आईचे केस गेलेत, पोट फुगलंय, हातापायाच्या काड्या झाल्यात, आवाज बारीक झालाय. सांगून ठेवलं की ती लगेच सरावतात. पहिली पाच मिनिटं बिचकतात आणि मग अंगावर चढतात.

लातूरचा_बाबा

मी इथे कधी याबद्दल लिहिलं नाही. बायकोला जाऊन अडीच वर्षं झाली, ब्रेस्टचा होता, शेवटी हाडात गेला. मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा. शेवटचे दोन महिने ती घरीच होती, हॉलमधे खाली गादी टाकलेली कारण तिला कॉटवर चढता येत नव्हतं.

एका रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली तर पोरगा अंधारात तिच्या पायांवरून इकडून तिकडे ओलांडत होता. एकदा इकडून, एकदा तिकडून. ती औषधाने गुंगीत होती. मी त्याला दंडाला धरून बाजूला घेतला आणि रागावलो, आई आजारी आहे आणि तुला खेळ सुचतोय. एक चापट पण मारली. दुसऱ्या दिवशी रात्री परत तेच. तिसऱ्या दिवशी पण.

ज्या हॉस्पिटलमधे आधी दाखवत होतो तिथे कुणी कधी विचारलं नाही की घरात मूल आहे का, दोष देत नाही, गर्दी असते. पण नंतर होमकेअरची टीम यायची त्यात एक सोशल वर्कर मॅडम होत्या. मी त्यांना तक्रार म्हणून सांगितलं की पोरगा फार हट्टी झालाय, आईला रात्री त्रास देतो. त्या त्याच्याशी जमिनीवर बसून चित्रं काढत होत्या, काही विचारत नव्हत्या, अर्धा पाऊण तास नुसती चित्रं. त्याने आईला आडवी काढली आणि वर स्वतःला काढलं, एक पाय हवेत. त्यांनी विचारलं हा कुठं चाललाय. तर म्हणाला, मी परत ओलांडतोय.

झालं असं होतं की खूप आधी, ती आजारी पडायच्याही आधी, ती दुपारी झोपलेली असताना हा तिला ओलांडून गेला होता आणि माझी आई ओरडली होती, झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, आजार लागतो, परत ओलांड. आणि हा तेव्हा परत न ओलांडता खेळायला पळाला होता. त्यानंतर काही महिन्यांनी तिला गाठ निघाली. पोरगा वर्षभर हे मनात घेऊन फिरत होता की माझ्यामुळे झालं. आणि रात्री सगळे झोपले की परत ओलांडून ते उलटं करायचा प्रयत्न करत होता. मी त्याला त्याबद्दल मारलं.

मॅडमनी त्याच वेळी काही भाषण दिलं नाही. माझ्या आईला बाहेर बोलावलं आणि तिलाच सांगितलं की हे तुम्हीच त्याला सांगा, तुमच्या तोंडून आलं होतं ते तुमच्याच तोंडून जाऊ दे. माझ्या आईने त्याला मांडीवर घेऊन सांगितलं की बाळा ती म्हातारीची बोलायची पद्धत होती, ओलांडल्याने कुणाला कॅन्सर होत नाही, मी चुकीचं बोलले. मग बायकोने त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, ओलांड मला, दिवसभर ओलांड, काही होत नाही. त्याने खरंच दोन-तीनदा ओलांडलं आणि ती हसली, दुखत असताना. त्या रात्रीपासून तो सरळ झोपला.

म्हणून मावशी, तुम्हाला सांगतो, जा. आम्ही घरातली शहाणी माणसं होतो आणि आम्हाला वर्षभरात ते दिसलं नव्हतं.

सातची_गाडी

बाबा, तुम्ही त्याला मारलं ते तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून. त्याला माहीत आहे का तुम्हाला त्याचं वाईट वाटतं? सांगितलं नसेल तर सांगा, अजून उशीर झालेला नाही.

लातूरचा_बाबा

नाही सांगितलं. सांगतो.

तालुक्याचा_वकील

मी कागदांचंच लिहितो, ते पण कुणीतरी लिहायला हवं. सोशल वर्करला गुरुवारी हे सगळं विचारा, बऱ्याच जणांना यातली माहिती असते आणि योग्य टेबलापर्यंत पोचवतात.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आपल्या राज्याची आहे, मुलामागे महिना २२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. लोकांना वाटतं ती फक्त अनाथांना किंवा विधवांच्या मुलांना. तसं नाही, आईवडिलांपैकी एकाला कॅन्सरसारखा दुर्धर आजार असेल तरी मुलं बसतात, म्हणजे माणूस जाईपर्यंत थांबायचं कारण नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, पुढे बाल कल्याण समितीकडे जातो, घरी येऊन चौकशी होते. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, दोघांची आधार, मुलांचं बोनाफाईड, रेशनकार्ड, आजाराचे कागद, पासबुक आणि पालकांबरोबर मुलांचा घरासमोरचा फोटो लागतो. तो फोटो ताई गावी आल्या की काढून घ्या, नंतर जीव होत नाही. अर्जाला फी नाही, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. दुसरी केंद्राची मिशन वात्सल्यमधली स्पॉन्सरशिप आहे, महिना ४००० रुपये, पण उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. दाजींच्या पगारावर बसते का ते ऑफिसातच विचारा.

ताईंच्या बँक पासबुकात मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कापले गेलेत का बघा. गेले असतील तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा आहे, दोन लाखांचा, बऱ्याच बायकांच्या जनधन खात्यावर कधीतरी सही घेऊन चालू केलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. बचत गटात नाव असेल तर तिथलं नॉमिनेशन बघा. कुठल्याही विम्याला मूल नॉमिनी असेल तर ते सज्ञान होईपर्यंत पैसे स्वीकारायला एका मोठ्या माणसाचं नाव लागतं, ते घातलंय का बघा. आणि मुलांचे बाबा आहेत त्यामुळे पालक म्हणून तेच राहतात, मावशीला कोर्टात जायची काही गरज नाही. ताईंच्या नावावर जमीन, दागिने, एफडी असेल तर शुद्धीत असताना साध्या कागदावर मृत्युपत्र, दोन साक्षीदार, पुरतं. त्याला अपशकुन म्हणतात लोक. मी पाहिलंय की लिहून झालं की आजारी माणसाला शांत झोप लागते.

सुमनकाकू_नाशिक

काल रात्री हे सगळं वाचलं आणि आज सकाळी माझ्या पुतण्याला फोन केला, तेराव्यापर्यंत आत्याकडे ठेवला होता तोच. आता चाळिशीचा आहे. त्याला विचारलं तुला काय आठवतं रे. म्हणाला, काकू मला वाटलं होतं मी काहीतरी केलं म्हणून मला घराबाहेर काढलं. एवढी वर्षं मला माहीत नव्हतं.

मावशी बाळा, मी माझं म्हणणं मागे घेते. फक्त एक सांगू, तुझ्या ताईच्या सासूबाईंना पण कुणीतरी जवळ बसवून सांगा. त्या नको म्हणतात कारण त्यांनाच कुणी नीट सांगितलं नसेल. म्हाताऱ्या माणसाला सगळे गृहीत धरतात.

डोंबिवलीची_मावशी

बारा दिवसांनी लिहितेय, आम्ही गावाला आलोय.

गुरुवारी सोशल वर्कर मॅडम ताईशी एकटीशी तासभर बोलल्या. मी बाहेर बाकावर. ताई बाहेर आली ती रडून आली होती पण तिने येताना वडापाव मागितला, किती दिवसांनी तिने स्वतःहून काही मागितलं. मॅडमनी तिला एक २०० पानी वही आणायला सांगितली होती. पत्रं वगैरे नाही, नुसतं लिहायचं की तू मुलांचं रोज काय काय करतेस. ताईच्या हाताला कंप आहे म्हणून ती सांगते, मी लिहिते. धाकट्याला दूध गार लागतं, साय गाळून. मुलीला ताप आला की आधी पाय दुखतात. पोरगा अंधाराला भीत नाही पण मोटारीच्या आवाजाला भितो, विहिरीवरची मोटार चालू करायच्या आधी त्याला सांगावं लागतं. चौदा पानं झाली. दाजींनी काल रात्री वाचली, त्यातलं निम्मं त्यांना माहीत नव्हतं.

घरी जायचं ताईनेच ठरवलं. मॅडमनी बांद्र्याच्या शांती आवेदना सदनबद्दलही सांगितलं होतं, १९८६ पासून मोफत सांभाळतात, पण मुलं लांब पडली असती. पुण्यात वारज्याला हायवेजवळच सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर आहे, १९९७ पासूनचं, तेही मोफत आणि घरच्या माणसाला बरोबर राहता येतं. येताना तिथे पाच दिवस राहिलो, तिचं दुखणं आटोक्यात आलं, मला ड्रेसिंग आणि मॉर्फिनचं औषध कसं मोजून द्यायचं ते शिकवलं. मॉर्फिन सगळ्या मेडिकलमधे मिळत नाही, परवाना असलेल्या ठिकाणीच मिळतं, आम्हाला गावापासून जवळ कुठे मिळेल ते परळच्या मॅडमनीच फोन करून शोधून दिलं.

मुलांना ताईने सांगितलं. दाजी शेजारी, सासूबाई पण. सुमनकाकू, सासूबाईंना आम्ही आदल्या रात्री सांगितलं, तुम्ही म्हणालात तसं. त्या आधी चिडल्या, मग म्हणाल्या मला कुणी का सांगितलं नाही ती जगणार नाही म्हणून, मी नवस बोलत बसले. ताईने स्कार्फ काढला आणि म्हणाली, मला कॅन्सर झालाय, तो तुमच्या कुणामुळे झाला नाही, तुम्हाला माझ्याजवळ झोपून होणार नाही, आणि औषधांनी तो गेला नाही. धाकट्याने डोक्याला हात लावून बघितला आणि म्हणाला गुळगुळीत आहे, आणि गेला खेळायला. मुलगी काहीच बोलली नाही. संध्याकाळी चुलीपाशी मला म्हणाली, मावशी, मला माहीत होतं. मी बाबांच्या फोनवर तुझे मेसेज वाचले होते. म्हणून फोनवर यायची नाही, आई खोटं बोलताना बघवत नव्हतं म्हणाली.

म्हणीचं पण सांगते. वॉर्डातली_ताई, तुमचं वाक्य डोक्यात होतं म्हणून मी ताईला विचारलं मी काय करू. ती म्हणाली, पोरांना इथून उचलून डोंबिवलीला नेऊ नकोस, त्यांची शाळा त्यांचे बाबा इथे आहेत. मे महिन्यात आणि दिवाळीत ने, रविवारी फोन कर, पोरीला पाळी आली की तू ये. मी तेवढंच वहीत लिहून खाली सही केली.

वकील साहेब, ४३६ रुपये कापलेले निघाले. बालसंगोपनचा अर्ज सोमवारी देणार, घरासमोरचा फोटो काढला.

मुलीच्या शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबन लागते. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, त्यामुळे गेले काही महिने ती कसंतरी केस बांधून जात होती. परवापासून सकाळी दाजी ड्युटीवरून आले की कॉटपाशी खाली बसतात, मुलगी पुढ्यात, आणि ताई पडल्या पडल्या सांगते. भांग सरळ घे. तीन बटा. घट्ट नको ओढूस, कानामागून घे. काल डावी वेणी उजवीपेक्षा वर गेली होती, मुलीने तशीच ठेवली आणि शाळेत गेली.